थ्री-फेजचं बिल आणि बाबासाहेब

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एका थोर व्यक्तीचं चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, कलाम सर झाले, टेस्ला तर दोनदा झाला. यंदा ते काम माझ्याकडे आलं, कारण इलेक्ट्रिकल थर्ड इयरमधून दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. आधीच सांगून टाकते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विषय होता, पण मार्कांपुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या.

मी लिहिणार आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर. पण सुरुवात आमच्या घरच्या लाईट बिलापासून करावी लागेल, कारण मी स्वतः तिथूनच त्यांच्यापर्यंत पोचले.

मागच्या उन्हाळ्यात पेपर संपवून हिंगणघाटला घरी गेले. बॅग खाली ठेवायच्या आत बाबांनी महिन्याचं बिल हातात दिलं आणि म्हणाले, तीन वर्षं फी भरतोय, आता हे समजावून सांग. आमचं घर दुमजली. खाली आम्ही आणि आजी, वर काका-काकू. वरचा मजला चढला तेव्हा बोअरवेलला पंप बसला, काकांकडे एसी आला, आणि कूलर तर आमच्याकडे खोलीगणिक एक लागतोच. लोड वाढला म्हणून बाबांनी सिंगल-फेज काढून थ्री-फेज कनेक्शन घेतलं. गल्लीत त्याचा जरा रुबाबही होता. एक फेज गेली तरी दुसऱ्या फेजवर पंखा फिरतो, हे बाबा पाहुण्यांना दाखवायचे. आता बिल बघून त्यांची खात्री झाली होती की तीन तारा म्हणजे तिप्पट करंट, आणि तिप्पट करंट म्हणजे तिप्पट बिल.

लाज वाटते सांगायला, पण मी आयुष्यात कधी लाईट बिल वाचलं नव्हतं. थ्री-फेजचे फेजर काढता येत होते, १२० अंशांचा कोन, सगळं पाठ. बिलातला स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार म्हणजे काय ते माहीत नव्हतं! दुपारभर बसले. निघालं ते असं. युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर, मग तो एका तारेतून येवो की तीन. मीटर तिन्ही फेजची बेरीज करतं, एवढंच. सगळा लोड एकाच फेजवर टाकला तर ती वायर तापेल, न्यूट्रलमधून करंट वाहील, पण त्यामुळे युनिट तिप्पट होत नाहीत. थ्री-फेजचा जास्तीचा खर्च दिसतो तो स्थिर आकारात. घरगुती थ्री-फेजचा स्थिर आकार सिंगल-फेजच्या तिपटीहून जास्त आहे आणि घराला महिनाभर कुलूप असलं तरी तो लागतोच. म्हणजे बाबा एका ओळीपुरते बरोबर होते.

पण आमच्या बिलातला खरा चोर वेगळाच निघाला. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. आमचे दोन्ही मजल्यांचे मिळून ६४० युनिट झाले होते. दोन संसार, पण मीटर एक. वेगळे मीटर असते तर दोन्ही घरांना पहिल्या १०० चा स्वस्त दर मिळाला असता आणि ५०० च्या वर कोणीच गेलं नसतं. एकत्र राहिल्यामुळे १४० युनिट सगळ्यात वरच्या दराने लागले, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

बाबा खूश झाले. मग त्यांनी विचारलं की हे पहिले १०० युनिट स्वस्त ठेवायचं, गरिबाला वीज परवडली पाहिजे, हे आपल्या देशात आधी कोणाच्या डोक्यात आलं? मी म्हटलं, वीज नियामक आयोग दर ठरवतो. ते म्हणाले, आयोग तर १९९९ चा, त्याच्या आधी? मी गप्प.

पाचव्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी मुद्दाम वीज कायदा २००३ हा विषय घेतला. मागे मागे जाताना १९४८ चा वीज पुरवठा कायदा लागला, त्याच्याही मागे १९४३ ची दिल्लीतली एक समिती. त्या समितीच्या अध्यक्षाचं नाव मी दोनदा वाचलं. डॉ. बी. आर. आंबेडकर. मला वाटलं दुसरे कोणी आंबेडकर असतील. रूममेटला दाखवलं तर ती हसली. तिच्या घरी हे सगळ्यांना माहीत होतं. सुट्टीनंतर येताना तिने वडिलांच्या कपाटातून एक जाडजूड खंड आणून दिला, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दहावा, नागपूरच्या वसंत मून यांनी संपादित केलेला. गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळातली त्यांची १९४२ ते १९४६ ची चार वर्षं त्यात आहेत.

इथे एक कबुली. दोन वर्षं हॉस्टेलमध्ये १४ एप्रिलला कार्यक्रम झाला आणि दोन्ही वर्षं मी खोलीत बसून सबमिशन लिहिलं. बुंदी मात्र खाल्ली. शाळेच्या पुस्तकात बाबासाहेब एका ओळीत होते, घटनेचे शिल्पकार. बाकी वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या मुलीचं लहानपण म्हणजे सेवाग्रामच्या सहली. बापू कुटी, तिथला टेलिफोन, चष्मा. ते सगळं मला पाठ आहे. जिल्ह्याबाहेर अवघ्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर नागपूरला दीक्षाभूमी आहे, तिथे मी पहिल्यांदा गेले ती हा लेख लिहायचं ठरल्यावर.

तर चरित्र. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य भारतातल्या महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी एक गंमत सांगते. त्याच १८९१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत लाउफेनच्या जलविद्युत केंद्रातून १७५ किलोमीटर लांबच्या फ्रँकफर्टपर्यंत थ्री-फेजने वीज नेऊन दाखवली गेली. तिथल्या प्रदर्शनात हजार दिवे लागले, पंपावर एक खोटा धबधबा चालला. वीज लांबवर स्वस्तात नेता येते हे जगाला तेव्हा दिसलं. म्हणजे आमच्या घरात येणाऱ्या त्या तीन तारा आणि बाबासाहेब एकाच वयाचे!

पण भीमरावांच्या लहानपणी विजेचा संबंध नव्हताच. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने वरून पाणी घातलं तर प्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत आलं. एवढ्या माणसांत अभ्यास कसा होणार, म्हणून वडील त्यांना संध्याकाळीच झोपवायचे आणि पहाटे दोनला उठवायचे. मग रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर वाचन. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. आपण लाईट गेली की इन्व्हर्टरच्या नावाने ओरडतो, ते आठवून मला जरा कसंतरी झालं.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. न्यूयॉर्क तोवर विजेवर चालणारं शहर झालं होतं, एडिसनचं पहिलं वीज केंद्र तिथे १८८२ लाच सुरू झालेलं. तिथून लंडन. १९१७ ला शिष्यवृत्ती संपल्यावर परत येऊन ते करारानुसार बडोद्यात नोकरीवर हजर झाले, आणि तिथे राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल, अडगळीने भरलेला, विजेचा दिवा नाही. रखवालदार एक छोटा कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड वीतभरही पुढे जायचा नाही. जगातल्या दोन मोठ्या शहरांत शिकलेला माणूस त्या अंधारात एकटा वाचत बसायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना बाहेर काढलं.

ही गोष्ट मी रात्री हॉस्टेलच्या ट्यूबलाईटखाली वाचली. पुढे बराच वेळ काही वाचलं नाही.

मुंबईला परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी शेतीवर एक निबंध लिहिला, भारतातली छोटी शेतं आणि त्यावरचे उपाय असा विषय. माझ्या मते त्यांच्या वीज धोरणाचं मूळ इथे आहे. तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते, शेतांचे तुकडे पडलेत, ते जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. शेत छोटं की मोठं हा प्रश्नच नाही, त्या शेतावर किती माणसं पोट भरतात आणि हाताशी अवजारं-भांडवल किती, हा प्रश्न आहे. फार माणसं जमिनीवर अडकलीत, त्यातली बरीच नुसती बसून आहेत. त्यांना दुसरं काम मिळालं पाहिजे, आणि ते मिळणार उद्योगधंद्यांतून. शेतीचा रोग बरा करायला कारखाने हवेत, असं थोडक्यात. आमच्या जिल्ह्यात पाच एकर कापसावर चार भाऊ ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मधली वीस-बावीस वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तुम्हाला माहीत आहेत. मूकनायक १९२० चा. पुन्हा लंडन, १९२३ ला डी. एस्सी., आणि बॅरिस्टर. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. ते तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने सगळ्यांना खुलं केलेलं, तरी काही माणसांना तिथलं ओंजळभर पाणी घेता येत नव्हतं. सार्वजनिक सोय कागदावर असणं आणि ती घरापर्यंत पोचणं यातलं अंतर या माणसाने अंगावर झेललं होतं. पुढे १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष. त्याच वर्षी उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यासोबत ते वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. सेवाग्रामच्या एवढ्या सहलींत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पेरू खात असेन.

आता १९४२ चा जुलै. त्या एका महिन्यात आमच्या भागात काय काय घडलं बघा. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चालते व्हा सांगणारा ठराव केला. १८ आणि १९ जुलैला नागपुरात बाबासाहेबांची मोठी परिषद झाली आणि तिथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना ठरली. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत मजूर मंत्री झाले. एकीकडे सगळे नेते तुरुंगात जायच्या तयारीत, दुसरीकडे हे सरकारात. यावरून त्यांना तेव्हाही बोल लागले आणि अजूनही लागतात. मी त्या वादात पडत नाही, माझा विषय पुढचा आहे.

मजूर खातं म्हणजे नुसते मजूर नव्हते. खाणी, सरकारी बांधकामं, पाटबंधारे आणि वीज हे सगळं त्या खात्यात होतं. त्या चार वर्षांत कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचा कायदा झाला, ते एकच काम एका माणसाला पुरलं असतं. पण युद्धानंतरच्या देशाची आखणी करायला समित्या नेमल्या गेल्या, त्यातली वीज आणि सार्वजनिक कामांची समिती त्यांच्याकडे आली. २५ ऑक्टोबर १९४३ ला दिल्लीत त्या समितीपुढे त्यांनी भाषण केलं. रूममेटच्या वडिलांच्या खंडात मी ते तीन वेळा वाचलं.

तेव्हाची परिस्थिती आधी सांगायला हवी. वीज होती ती मुंबई, कलकत्ता अशा शहरांत आणि काही संस्थानांत. १९१० च्या कायद्याखाली सरकार कंपन्यांना लायसन द्यायचं, आणि कंपनी तिथेच तार ओढायची जिथे पैसे मिळतील. यात कंपनीचीही चूक म्हणता येत नाही, धंदा आहे. १९४७ साली सगळ्या देशाची स्थापित क्षमता १३६२ मेगावॅट होती. आज आपल्या शेजारचं चंद्रपूरचं एक औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. अख्ख्या देशात वीज पोचलेली खेडी होती सुमारे दीड हजार.

त्या भाषणात बाबासाहेबांनी मुद्दा असा मांडला, माझ्या शब्दांत सांगते. नुसती वीज नको, स्वस्त वीज हवी. नुसती स्वस्तही नको, भरपूर हवी. या दोन्ही गोष्टी नसतील तर या देशात उद्योग उभे राहणार नाहीत. आणि उद्योग कशासाठी, तर कोणाला श्रीमंत करण्यासाठी नाही. लोक गरिबीच्या ज्या चक्रात पिढ्यान्‌पिढ्या फिरतात त्यातून त्यांना बाहेर काढायला. मग प्रश्न पुढे येतात: वीज सरकारने काढायची की खाजगी कंपन्यांनी, केंद्राने की प्रांतांनी, आणि यातली कोणती व्यवस्था लोकांना सगळ्यात कमी दरात वीज देईल? त्यांचा कल उघडच सरकारकडे होता. भारतीय माणसांना या तंत्राचं शिक्षण द्यायची व्यवस्था हवी, हेही त्यात आहे. आपण ज्या बाकावर बसून पॉवर सिस्टिमच्या तासाला डुलक्या घेतो, त्याची काळजी १९४३ ला कोणी तरी करत होतं.

मला आवडलं ते हे की ते विजेकडे इंजिनिअरसारखे बघत नव्हते. आम्ही म्हणतो लोड आला की सप्लाय वाढवा. ते म्हणत होते लोड नाही कारण लोक गरीब आहेत, आणि लोक गरीब आहेत कारण हाताला यंत्र नाही, आणि यंत्र नाही कारण वीज नाही. हा लूप कुठे तरी तोडायचा तर सरकारने विजेच्या टोकाला तोडावा.

१९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झालं, देशभरातल्या वीज योजनांचा अभ्यास करायला. १९४५ मध्ये जलमार्ग-पाटबंधाऱ्यांचा केंद्रीय आयोग आला, आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. १९४३ च्या पुरात दामोदर नदीने कलकत्त्याचे रस्ते-रेल्वे तोडले होते, तर त्या नदीवर नुसते बंधारे न घालता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखी एकत्र योजना करायची ठरली. पूर थांबवा, पाणी द्या आणि त्याच पाण्यावर वीज काढा. टेनेसीहून वूर्डुइन नावाचे इंजिनिअर बोलावले गेले. महानदीवरच्या हिराकूडची सुरुवातही याच काळातली, कटकच्या १९४५ च्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. दामोदर खोरे महामंडळ १९४८ ला झालं तेव्हा ते त्या खात्यात नव्हते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये देशातलं प्रत्येक धरण आणि प्रत्येक ग्रिड एकट्या बाबासाहेबांनी उभं केलं असं असतं. तसं नाही. अ. ना. खोसलांसारखे इंजिनिअर होते, प्रांतांची सरकारं होती. १९४८ चा वीज पुरवठा कायदा संसदेत मांडला तो आपल्या काकासाहेब गाडगीळांनी. पण त्याची तयारी मजूर खात्यातल्या या चार वर्षांत झाली, आणि वीज हा नफ्याचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे ही दिशा त्या टेबलावर कोणी ठेवली, ते १९४३ चं भाषण वाचून कळतं. टप्प्याटप्प्याचे दर त्यांनी ठरवले असंही मी म्हणत नाही, ते पुष्कळ नंतरचं.

आता वर्ध्याचा माणूस म्हणेल, यंत्राबद्दल बापूंचं काय? बरोबर आहे, हा प्रश्न आमच्या मातीतलाच. १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललं. कुमारप्पा तिथे बसून हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल यांचा हिशेब मांडत होते. गांधीजी विजेच्या सरसकट विरुद्ध होते असं मात्र नाही. खेड्यातल्या घराघरात वीज आली आणि लोकांनी त्यावर आपली अवजारं चालवली तर त्यांची हरकत नव्हती, हे त्यांनी १९३५ मध्येच लिहिलंय. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात गांधीवादावर जे प्रकरण लिहिलं ते फार कडक आहे. त्यांचं म्हणणं, माणूस आणि जनावर यांत फरक पडतो तो माणसाला मिळणाऱ्या फुरसतीने. दिवसभर नुसतं पोटासाठी राबणाऱ्याला विचार करायला, शिकायला वेळ कुठला? ती फुरसत यंत्र देतं. यंत्रामुळे वाईट होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ते कोणाच्या ताब्यात आहे त्या समाजाचा.

हे मी आजीला वाचून दाखवलं. आजी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, शाळा चौथी. मला वाटलं ती बापूंची बाजू घेईल, आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. ती म्हणाली, लग्न झालं तेव्हा पहाटे चारला उठून ज्वारी दळायला बसायची, रोज, नऊ माणसांची. हाताला घट्टे होते. मग गावात लाईन आली, आणि लाईनमागे चक्की आली. सगळ्या गावाला बल्बचं कौतुक होतं, तिला चक्कीचं. त्या दिवसापासून पहाटेचे दोन तास झोपायला मिळाले. मग तिने मला विचारलं की हे लिहिणारा माणूस कधी जात्यावर बसला होता का. मी म्हटलं, नसेल, पण पहाटे दोनला उठत होता.

पुढचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट मला नवीन होती. १९४७ ला ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले, घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, नोंद क्रमांक ३८, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. पण मंत्री होताना त्यांना कायद्याबरोबर नियोजनाचं खातंही हवं होतं. तसं आश्वासन मिळालं होतं, खातं मात्र मिळालं नाही. १९५१ मध्ये राजीनामा देताना निवेदनात त्यांनी इतर कारणांबरोबर, म्हणजे हिंदू कोड बिल वगैरे, हीही खंत नोंदवली. ज्या माणसाने नद्या, वीज, शेती आणि गरिबी एका कागदावर मांडून दाखवली होती त्याला पंचवार्षिक योजनेच्या टेबलावर खुर्ची नव्हती. इतिहासात जर-तर करू नये म्हणतात. मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून बराच वेळ तेच केलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रूममेटचे पणजोबा पुलगावहून तिथे गेले होते. ६ डिसेंबर १९५६ ला पहाटे दिल्लीत २६ अलीपूर रोडवर झोपेतच बाबासाहेब गेले.

१९४८ च्या कायद्यातून राज्याराज्यांत वीज मंडळं झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला सुरू झालं आणि जून २००५ मध्ये त्याच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, त्यातली महावितरण आमच्या बिलावर असते. मंडळाने शक्यतो तोट्यात चालू नये, एवढंच मूळ कायद्यात होतं, नफा कमवावा असं नव्हतं. पुढे तोटा किती झाला, चोरी किती, थकबाकी किती, तो वेगळा लेख होईल आणि तो कॉमर्सवाल्यांनी लिहावा. पण आजीच्या गावासारख्या ठिकाणी, जिथे तार ओढून एका पैशाचा फायदा नव्हता, तिथे मंडळाचे खांब गेले, हे मात्र झालं.

या सत्रात इंडस्ट्रिअल व्हिजिटला आपल्याच जिल्ह्यातल्या ७६५ केव्ही सबस्टेशनला गेलो होतो. सगळे फोटो काढत होते. सरांनी विचारलं की एवढ्या व्होल्टेजला वीज का नेतात, तर मी लॉस कमी होतो म्हणून सांगितलं, आणि लॉस कमी म्हणजे दर कमी. सर म्हणाले बरोबर. अजून एक उत्तर माझ्या मनात होतं, पण ते सिलॅबसबाहेरचं होतं.

घरचं सांगायचं राहिलं. काकांनी वरच्या मजल्यासाठी वेगळ्या सिंगल-फेज मीटरचा अर्ज केलाय. आधी घराची कर पावती वेगळी करावी लागली, त्यात दोन महिने गेले. खालचं थ्री-फेज बाबा सोडायला तयार नाहीत, पंप तीन फेजचा आहे असं कारण सांगतात. पंप बदलून किती दिवसांत पैसे वसूल होतील ते मी कागदावर मांडून दिलंय, तो कागद त्यांनी बिलांच्या फाईलमध्ये ठेवलाय. वायरमनला बजावून सांगितलं की दोन्ही मजल्यांचं न्यूट्रलही वेगळं काढ, नुसता फेज नको, नाही तर वरचा करंट खालच्या न्यूट्रलमधून फिरेल. तो म्हणाला, ताई, हे आम्हाला माहीत आहे. दिवाळीत घरी गेले की टेस्टर घेऊन बघणार आहे.